प्रीपेड ट्यूशन प्लॅन घ्यावा का? (आम्ही टेक्सासचे, पण बाकी स्टेटवाल्यांनीही लिहा)

फ्रिस्कोकरीण
नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा. लेक आठ महिन्यांची आहे. ऑफिसमधल्या एकीने टेक्सास ट्यूशन प्रॉमिस फंडाबद्दल सांगितलं, म्हणजे आजच्या भावाने कॉलेजच्या फीची युनिटं घेऊन ठेवायची आणि १८ वर्षांनी फी कुठेही जाऊन पोचू दे, आपण युनिटं द्यायची, विषय संपला. मला हे वर्षाचा गहू भरून ठेवल्यासारखं वाटलं, एकदा डबे भरले की बाजारात काय भाव चाललाय ते बघायला नको. नवरा म्हणतो काही गरज नाही, साधं ५२९ सेव्हिंग्ज अकाउंट (मुलांच्या शिक्षणासाठीचं करसवलतीचं खातं) उघड, शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडात टाक आणि विसरून जा. सासऱ्यांचं पुण्याहून एफडी एफडी चालू आहे. नोंदणी १ सप्टेंबर ते फेब्रुवारी अखेर असते पण एक वर्षाच्या आतल्या बाळांना ३१ जुलैपर्यंत मुभा आहे म्हणे, म्हणजे अजून वेळ आहे पण फार नाही. टाइप १, टाइप २, टाइप ३ काय भानगड आहे तेच कळेना. आम्ही एच-१बी वर, ग्रीन कार्डाचं विचारू नका. लेकीचा जन्म इथला. कोणी खरंच घेतलंय का हे?

ह्यूस्टनचा_नाना
अभिनंदन लेकीबद्दल! आमच्या दोघांसाठी घेतलंय, त्यामुळे सांगू शकतो. १०० युनिटं म्हणजे साधारण ३० क्रेडिट अवर, म्हणजे एक वर्ष. टाइप १ चा भाव टेक्सासमधल्या सगळ्यात महाग सरकारी चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीच्या फीवर ठरतो, टाइप २ चा सगळ्यांच्या सरासरीवर, आणि टाइप ३ कम्युनिटी कॉलेजसाठी. टाइप २ घेतलं आणि पोरगी महागड्या कॉलेजात गेली तर युनिटं वाया जात नाहीत, फक्त जास्त युनिटं लागतात. उलटंही तसंच. त्यामुळे टाइपवर डोकं फोडू नका, एकाचं दुसऱ्यात हिशोबाने वापरता येतं. मोठी मुलं असलेल्यांनी एक लक्षात ठेवा, युनिट घेतल्यापासून तीन वर्षं वापरता येत नाही, नववी-दहावीत जागे झालात तर घाई करा.

आता जुनी गोष्ट. टेक्सासचा पहिला प्लॅन वेगळा होता, टेक्सास टुमॉरो फंड, १९९६ चा. २००३ मध्ये विधिमंडळाने युनिव्हर्सिट्यांना स्वतःची फी ठरवायची मोकळीक दिली आणि त्याच वर्षी त्या फंडात नवीन लोक घेणं बंद झालं, कारण फी किती वाढणार याचा अंदाज बांधणं अवघड होऊन बसलं. ज्यांनी तेव्हा घेऊन ठेवलं होतं त्यांची चांदी झाली. २००८ मध्ये हा नवा फंड आला. पण फरक आहे. जुन्या फंडाच्या मागे राज्य उभं आहे, तेही घटनादुरुस्ती करून. नव्याला राज्याची तशी हमी नाही, सरकारी कॉलेजांनी ती युनिटं स्वीकारायची असा कायदा आहे. जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं.

गणिती_गण्या
ताई, तुमचे मिस्टर बरोबर बोलतायत. प्रीपेडचा परतावा म्हणजे काय? फी जेवढी वाढेल तेवढा, वजा सुरुवातीला जो जादा भाव लावतात तो. आता फी खरंच किती वाढतेय ते बघा. टेक्सासमध्ये सरकारी युनिव्हर्सिट्यांत राज्यातल्या अंडरग्रॅडची फी गव्हर्नरने गोठवून ठेवली आहे, २०२६-२७ धरून. फ्लोरिडात तर दहा-बारा वर्षं ट्यूशन जवळपास जागची हललेली नाही. १०,००० डॉलर आहेत समजा, फी वर्षाला ३ टक्के वाढली तर १८ वर्षांनी तुमच्या युनिटांची किंमत १७,००० च्या आसपास. तेच पैसे ६ टक्क्यांनी वाढले तर २८,५००. मार्केटमध्ये ६ च मिळतील असं मी म्हणत नाही, कमी पण मिळतील, पण १८ वर्षांचा काळ आहे आणि बाळ आठ महिन्यांचं आहे, आत्ता रिस्क नाही घ्यायची तर कधी घ्यायची.

टॅम्पाचा_बाळ्या
गण्याभाऊ फ्लोरिडाचं नाव काढलंत म्हणून लिहितो. फी हलली नाही हे खरं, पण पुढचं अर्धं सांगितलं नाहीत. आमच्याकडे भाव ठरवताना फी बरीच वाढेल असं धरलं होतं, ती वाढली नाही, फंडात पैसे साचले. मग २०२० च्या जानेवारीत फ्लोरिडा प्रीपेडने ते परत केले, कुणाचा हप्ता कमी झाला, कुणाचं उरलेलं देणं माफ झालं, कुणाला थेट रिफंड. एकूण १३० कोटी डॉलर, सव्वादोन लाखाच्या आसपास कुटुंबं. हा देशातला सगळ्यात मोठा प्रीपेड प्लॅन आहे आणि यामागे राज्याची हमी आहे. आम्ही एक-एक वर्षाचा प्लॅन घेत गेलो, चार वर्षांचा एकदम घ्यायची सक्ती नाही. आणखी एक, आम्ही उद्या जॉर्जियाला मूव्ह झालो तरी प्लॅनवाल्या मुलाला फ्लोरिडाच्या कॉलेजात इन-स्टेट धरतात, म्हणजे राज्यातल्या मुलांची कमी फी लागते. नोकरीसाठी सतत गावं बदलणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट लहान नाही.

आणि आमच्या राज्याची ब्राइट फ्युचर्स स्कॉलरशिप मिळाली तर दोन्ही एकत्र चालतं, एकाने फी भरायची आणि उरलेले पैसे राहण्याखाण्याला वापरायचे.

गणिती_गण्या
पैसे परत केले म्हणजे आधी जास्त घेतले होते ना राव 🙂

टॅम्पाचा_बाळ्या
घेतले, पण परत दिले. तुमचा इंडेक्स फंड देतो का परत?

रेडमंडकर
वॉशिंग्टन स्टेटची कथा ऐका, यात दोघांच्याही म्हणण्याचं उत्तर आहे. आमच्याकडे जीईटी नावाचा प्रीपेड प्लॅन आहे १९९८ पासून. १०० युनिटं म्हणजे राज्यातल्या सगळ्यात महाग सरकारी युनिव्हर्सिटीची एक वर्षाची इन-स्टेट फी. राज्याची हमी. मायक्रोसॉफ्ट-ॲमेझॉनवाल्या देशी जनतेने धडाधड घेतला होता. २००८ च्या मंदीनंतर राज्याने युनिव्हर्सिट्यांचं अनुदान कापलं आणि यूडब्ल्यूची (युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन) फी लागोपाठ काही वर्षं दोन आकडी टक्क्यांनी वाढली. ज्यांनी आधी स्वस्तात घेतलं होतं ते खूश, पण फंडाचे हिशोब डळमळले, मग नव्या युनिटांचा भाव चढवत चढवत १७२ डॉलरवर नेला. लक्षात घ्या, त्याच वेळी युनिट वापरायला गेलं तर मिळत होते ११७.८२. म्हणजे दारातून आत शिरतानाच तिसरा हिस्सा मागे ठेवायचा, का तर पुढे फी वाढणारच आहे.

आणि २०१५ मध्ये काय झालं, विधिमंडळाने फी चक्क कमी केली! अमेरिकेत असं कुणी करतं का, पण केली. १७२ ला घेणाऱ्यांचं गणितच कोसळलं. प्लॅनची विक्री बंद, लोकांना दंड न लावता पैसे काढायची सोय दिली, बऱ्याच जणांनी काढले. २०१७ च्या शेवटी पुन्हा सुरू झाला तो ११३ डॉलरला, आणि जे आधीपासून टिकून होते त्यांना हिशोब नव्याने मांडून जादा युनिटं दिली. मी त्यानंतर घेतलाय, त्यामुळे मला तक्रार नाही. पण यातून जे दिसतं ते असं की प्रीपेडमध्ये तुम्ही मार्केटवर पैज लावत नाही, तुम्ही तुमच्या राज्याच्या विधिमंडळावर पैज लावता. ते फी वाढवणार का, गोठवणार का, कापणार. आणि विधिमंडळाचा अंदाज मला तरी शेअर बाजारापेक्षा अवघड वाटतो.

फ्रिस्कोकरीण
बापरे रेडमंडकर, हे कोणीच सांगत नाही!! आता प्रश्न असा की घेताना भाव जादा आहे की नाही हे बघायचं कसं?

रेडमंडकर
सोपं आहे. आज टाइप १ ची १०० युनिटं घ्यायला किती पडतात ते बघा आणि त्याच वर्षी महागड्या सरकारी युनिव्हर्सिटीची खरी वर्षाची फी किती आहे ते बघा. दोन्ही आकडे जवळपास असतील तर ठीक. फरक मोठा असेल तर तेवढं तुम्ही हमीचं भाडं देताय. दोन्ही आकडे त्यांच्याच वेबसाइटवर असतात. एकरकमी न भरता हप्त्यांनी भरलंत तर हप्त्यात व्याज धरलेलं असतं, तेही बघा, पुष्कळ लोक तिथे फसतात.

जुनाजाणता
हमीवरून आठवलं, सगळ्या राज्यांच्या हम्या सारख्या नसतात. मिशिगनने १९८६ मध्ये कायदा करून ही कल्पना पहिल्यांदा आणली, मग बऱ्याच राज्यांनी उचलली, तेव्हा फंडात मोठं व्याज मिळत होतं आणि फी आटोक्यात होती. पुढे उलटं झालं. अलाबामाचा प्लॅन बघा. लोकांना वाटलं होतं की राज्याची गॅरंटी आहे. २००८ ला फंडाचे पैसे बाजारात होते, ते खाली आले आणि फी वर गेली. २०१० मध्ये राज्याला ५४.८ कोटी डॉलर द्यायचं ठरवावं लागलं, आणि तरी पुरेना म्हणून शेवटी कोर्टात तडजोड झाली, की फी कितीही असू दे, प्लॅन फक्त २०१० च्या दराने देणार. वरचे आईबाप भरणार. प्रीपेड घ्यायचं एकमेव कारण जे होतं तेच गेलं.

इलिनॉयचा प्लॅनही गाळात होता, २०१७ पासून नवीन लोक घेणं बंद, २०२२ मध्ये राज्याने २० कोटी डॉलरच्या वर घालून भोक बुजवलं, म्हणजे तिथल्या लोकांचं निभावलं. मेरीलँडमध्ये तर २०२२-२३ ला खात्यांवरच्या कमाईच्या हिशोबात घोळ निघाला आणि कित्येक कुटुंबांना मुलं कॉलेजात असताना पूर्ण पैसे काढता येईनात, शेवटी ती एजन्सीच बरखास्त करून कारभार राज्याच्या ट्रेझररकडे दिला. व्हर्जिनियाने जुना प्रीपेड २०१९ ला बंद केला आणि २०२१ मध्ये सरासरी फीशी जोडलेला वेगळा प्रकार आणला.

म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या जाडजूड डिस्क्लोजरमध्ये एकच वाक्य शोधा, फंडात पैसे कमी पडले तर कोण देणार. 'फुल फेथ अँड क्रेडिट', म्हणजे राज्याची पूर्ण हमी, असं लिहिलंय का. 'विधिमंडळ निधी देण्याचा विचार करेल' असं काही असेल तर त्याला मी हमी म्हणत नाही.

पुणेरी_आजोबा
आपण सगळे एवढा घोळ का घालता हे समजत नाही. मुलगी आहे ना? मग सुकन्या समृद्धी उघडा. ८.२ टक्के व्याज, करमुक्त, भारत सरकारची हमी. विषय संपला.

ह्यूस्टनचा_नाना
आजोबा, एनआरआयला सुकन्या उघडता येत नाही. पीपीएफही नवीन उघडता येत नाही.

कॅलिफोर्नियाची_सीए
आणि आजोबा, भारतात एफडी केली तरी इथल्या रहिवाशाला त्या व्याजावर इथे टॅक्स भरावा लागतो. परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खाती सरकारला कळवायचा फॉर्म) भरायचा. भारतीय म्युच्युअल फंडांचं तर नावच काढू नका, इथल्या टॅक्सला ते पीफिक (परदेशी गुंतवणूक कंपनी, कडक नियमांची) धरतात, त्याचे फॉर्म भरण्यात जी फी जाते त्यात एक सेमेस्टर निघेल. ५२९ चा फायदाच हा की वाढ झाली त्यावर टॅक्स नाही, शिक्षणाला वापरलं की काढतानाही नाही, मग ते प्रीपेड असो नाहीतर सेव्हिंग्ज.

पुणेरी_आजोबा
बरं. मग आम्ही नातीसाठी इकडून काही पाठवू शकतो का नाही?

कॅलिफोर्नियाची_सीए
नक्की पाठवा आजोबा, नशीबवान आहे नात! तुमच्याकडून एलआरएसखाली (बाहेर पैसे पाठवायची आरबीआयची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत चालतं, १० लाख रुपयांच्या वर गेलं की बँक टीसीएस (आगाऊ कर) कापेल, तो रिटर्नमध्ये वळता होतो. इकडे मुलाला भेटीवर टॅक्स नाही, मात्र वर्षात १ लाख डॉलरच्या वर असेल तर त्याला ३५२० फॉर्म भरून कळवायचं असतं, नाही भरला तर दंड जबरी आहे. खातं आईबापाच्या नावाने उघडायचं, तुम्ही फक्त पैसे पाठवायचे.

एडिसनचा_भाऊ
इथे सगळे सरकारी कॉलेजांचंच बोलतायत. आपल्या लोकांना तर पोरं एमआयटी-स्टॅनफर्डलाच जायला हवी असतात 😄 त्यासाठी प्रायव्हेट कॉलेज ५२९ म्हणून एक प्लॅन आहे २००३ पासून, शेकडो खासगी कॉलेजं त्यात आहेत, एमआयटी, स्टॅनफर्ड, प्रिन्स्टन, राइस, व्हँडरबिल्ट, नोत्र दाम. हार्वर्ड-येल नाहीत. आज एखाद्या कॉलेजच्या वर्षाच्या फीच्या अर्धे पैसे भरलेत तर तिथलं अर्धं वर्ष कायमचं भरलं. कोणतं कॉलेज ते आधी ठरवायचं नसतं. यात फी वाढीची जोखीम कॉलेजं स्वतः घेतात, राज्याचा संबंध नाही. ३६ महिने ठेवावं लागतं. पण पोराने यातलं कुठलंच कॉलेज घेतलं नाही तर परतावा फार थोडा, वर्षाला २ टक्क्यांच्या वर देत नाहीत. आणि ॲडमिशनची हमी अर्थातच कोणी देत नाही, ते पोराने बघायचं.

बाबांची_गिनीपिग
हाय, मी ज्यांच्यासाठी हे सगळं चालतं त्यातली आहे 😅 मराठी टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या. बाबांनी टेक्सासची युनिटं घेतली होती आणि मी इंडियानाला इंजिनिअरिंगला आले. युनिटं बुडत नाहीत, बाहेरच्या कॉलेजला ट्रान्सफर व्हॅल्यू पाठवतात. म्हणजे टेक्सासमध्ये त्या युनिटांनी जेवढी फी भरली गेली असती ती, किंवा भरलेले पैसे अधिक-उणे फंडाची कमाई, यातलं जे कमी असेल ते. रद्द करून पैसे परत मागितले तर हिशोब अजून कडक आहे. आउट ऑफ स्टेट फीपुढे ते कमीच पडलं पण काहीतरी होतं. मला एवढंच सांगायचंय की फी फी करू नका, डॉर्म आणि मील प्लॅन बघा! युनिटं फक्त ट्यूशन आणि कंपल्सरी फी भरतात. माझी मैत्रीण फ्लोरिडात शिकते, तिची वर्षाची ट्यूशन ६,४०० च्या आसपास आहे आणि राहणं-खाणं त्याच्या जवळपास दुप्पट. सेव्हिंग्जवाल्या ५२९ मधून डॉर्म, जेवण, पुस्तकं, लॅपटॉप सगळं चालतं.

फ्रिस्कोकरीण
अगं किती छान लिहिलंस, मराठी एकदम व्यवस्थित आहे. हा मुद्दा डोक्यातच नव्हता. आता सांगा, लेकीला स्कॉलरशिप मिळाली किंवा आम्ही परतच गेलो तर?

कॅलिफोर्नियाची_सीए
स्कॉलरशिप मिळाली तर तेवढ्या रकमेपुरता, शिक्षणाबाहेर पैसे काढले की कमाईवर लागणारा १० टक्के दंड माफ, फक्त कमाईवर साधा टॅक्स. किंवा खातं धाकट्या भावंडाच्या नावे करा. २०२४ पासून आणखी एक सोय आली, खातं १५ वर्षं जुनं असेल तर आयुष्यभरात ३५,००० डॉलरपर्यंत मुलीच्या रॉथ आयआरएमध्ये (निवृत्तीसाठीचं करमुक्त खातं) वळवता येतात, वर्षाच्या मर्यादेत थोडे थोडे. शेवटच्या पाच वर्षांत भरलेले पैसे त्यात धरत नाहीत. म्हणून आज २५ डॉलर टाकून का होईना, खातं उघडून ठेवा, त्या १५ वर्षांचं घड्याळ सुरू होतं.

परत गेलात तर, परदेशी कॉलेजला फेडरल स्कूल कोड (अमेरिकन सरकारच्या यादीतला नंबर) असेल तरच ५२९ चालतं. कॅनडा-इंग्लंडची पुष्कळ नामवंत कॉलेजं त्यात आहेत. भारतातलं कॉलेज असेल तर आधी यादीत बघून घ्या, गृहीत धरू नका. लेक अमेरिकन सिटिझन आहे, ती १८ व्या वर्षी इकडे येण्याची शक्यता आहेच, म्हणून परत जाताना घाबरून मोडू नका. व्हिसाचं म्हणाल तर एच-१बी वाल्यांना ५२९ बिनदिक्कत उघडता येतं. एच-४ वरच्या (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांना सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, त्यांना आयटीआयएन (त्याऐवजी मिळणारा टॅक्सचा नंबर) लागेल.

गणिती_गण्या
आणि टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्सच नाही, त्यामुळे स्वतःच्याच राज्याच्या प्लॅनला चिकटून राहायचं कारण नाही. सेव्हिंग्जचं अकाउंट यूटा, नेवाडा, कुठल्याही राज्याचं घ्या, खर्च कमी असलेलं बघा. व्हर्जिनिया-मेरीलँडसारख्या राज्यात वजावट मिळते, तिथल्यांनी आधी घरचं बघावं.

चिंचवडचा_चिंटू
मी वाचतोय सगळं, इकडे बीई ला दीड लाख वर्षाला भरतोय तरी रडतोय. तुम्हा लोकांना सलाम.

जुनाजाणता
फ्रिस्कोकरीण, काय ठरवलंत मग?

फ्रिस्कोकरीण
काल रात्री दोघांनी बसून रेडमंडकरांनी सांगितलं तसं दोन्ही आकडे समोर घेतले. नवऱ्याला मान्य करावं लागलं की फक्त फीपुरती शांत झोप मिळणार असेल तर थोडं भाडं द्यायला हरकत नाही, आणि मला मान्य करावं लागलं की चारही वर्षांची टाइप १ युनिटं आत्ता घेणं जरा जास्तच होईल. तर लेकीचं नाव ३१ जुलैच्या आत घालतोय, आत्ताच्या भावाने दोन वर्षांपुरती टाइप २ युनिटं, एकरकमी, हप्ते नकोत, सासरे म्हणाले अर्धे मी देतो. बाकी दर महिन्याला सेव्हिंग्जच्या ५२९ मध्ये, त्यातून डॉर्मबिर्म. राज्याची हमी नाही हे माहीत असून घेतोय, आणि लेक कॅलिफोर्नियाला गेली तर ट्रान्सफर व्हॅल्यू म्हणून जे मिळेल ते. फॉर्म भरताना एक अडलं, सक्सेसर म्हणून कुणाचं नाव घालायचं? म्हणजे आम्हा दोघांना काही झालं तर? भाऊ भारतात असतो, त्याचं चालेल का?

कॅलिफोर्नियाची_सीए
घालण्याआधी प्लॅनला फोन करून विचारा, बरेच प्लॅन इथला पत्ता आणि सोशल किंवा आयटीआयएन मागतात. इथे कोणी विश्वासाचं असेल, मावसबहीण, मित्र, तर तात्पुरतं त्यांचं घाला, नंतर बदलता येतं. पण रिकामं सोडू नका.

नवीन_बाबा_ऑस्टिन
उत्तम धागा, निवडक दहात. आम्हाला जुळी आहेत, युनिटं दोघांच्या नावे वेगळी घ्यायची का एकाच्याच नावे घेऊन नंतर दुसऱ्याकडे वळवता येतील?

ह्यूस्टनचा_नाना
भावंडांत वळवता येतात, पण जुळी आहेत म्हणजे दोघं एकाच वर्षी कॉलेजला जाणार. वेगवेगळीच घ्या.